जुन्या नकाशांतला इंदापूर तालुका

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या भूस्थितीदर्शक नकाशावर, म्हणजे भटक्यांच्या आणि अभियंत्यांच्या बोलीतल्या 'टोपोशीट'वर, एका इंचात एक मैल मावतो. ओढा, विहीर, देऊळ, गाडीवाट, टेकडी, गावठाण एवढे सगळे त्यात दिसते. शेत कोणाचे, हे मात्र कुठेच दिसत नाही. ते महसूल खात्याच्या गावनकाशात आणि त्याला जोडलेल्या कागदांत सापडते. महाराष्ट्रातल्या एखाद्या शेतकरी घराण्याचे मूळ ठिकाण शोधायचे, तर हे दोन्ही नकाशे शेजारी-शेजारी ठेवावे लागतात. पुणे जिल्ह्यातला इंदापूर तालुका हे समजून घ्यायला फार सोयीचा आहे. मुंबई इलाख्यातल्या पद्धतशीर जमीनमोजणीची घडी इथे बसली आणि पुढे सुमारे दीडशे वर्षांनी याच तालुक्यातली भीमाकाठची गावे उजनी धरणाच्या पाण्याखाली गेली.

पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारला दख्खनचा मुलूख मिळाला, पण कोणाकडून किती धारा घ्यायचा याचा भरवशाचा हिशेब मिळाला नाही. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२७-२८ पासून पुणे भागात मोजणी सुरू केली. जमिनीच्या उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ५५ टक्के हिस्सा सरकारने घ्यायचा, असे त्याचे सूत्र होते. कागदावर ते चोख होते. प्रत्यक्षात मोजणी सदोष निघाली, प्रतवारीत हात ओले झाले आणि आकारणी इतकी जड बसली की इंदापुरातल्या कुणब्यांनी जमिनी टाकून दिल्या. अर्थशास्त्राचे पुस्तक वाचून धारा ठरवला की काय होते, याचे हे अस्सल उदाहरण.

मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट हे दोघे अधिकारी इंदापुरात आले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला आणि रयतेला झेपेल असा हलका आकार बसवला. १८३६ मध्ये लागू झालेले हे दर तीस वर्षे बदलणार नाहीत, अशी हमीही दिली. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम झाले आणि मुंबई इलाखाभर तीच पद्धत चालली. आज कोणत्याही खेड्यात जुना सर्व्हे नंबर विचारला जातो, तेव्हा त्याची मुळे या व्यवस्थेत असतात.

मोजणीचे मुख्य साधन होते ३३ फुटांची साखळी. ती सोळा आण्यांत विभागलेली असे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा तुकडा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. म्हणून जुन्या उताऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात एकर, गुंठे आणि आणे अशी उतरंड दिसते. एका बैलजोडीला कसता येईल एवढी जमीन एका नंबरात धरावी, असा सर्वसाधारण नियम होता. नंबराच्या हद्दीवर दगड आणि मातीचे बांध घालत, आणि ते मोडणाऱ्याला दंड होई.

हद्द ठरली की प्रतवारी लावणारा कारकून शेतात उतरे. तो शेताचा कच्चा आराखडा काढून त्याचे चौकटीसारखे भाग पाडी आणि प्रत्येक भागात खणून मातीची खोली पाही. माती काळी, तांबडी की बरड, हे एकीकडे. खोलीप्रमाणे नऊ प्रती, हे दुसरीकडे. शिवाय दोषांच्या खुणा असत: जमिनीत चुनखड आहे, वाळू मिसळली आहे, उतार आहे, पावसाळ्यात पाण्याचा लोट वरून जातो, ओल फार धरते. दोष निघाला की प्रत खाली उतरे. सगळ्या भागांची सरासरी काढून शेताचा भाव आण्यांत ठरे. असा कागद हाती आला, तर दीडशे वर्षांपूर्वी एखाद्या शेताच्या कोणत्या कोपऱ्यात बरड होती आणि कोणत्या बाजूने ओढ्याचे पाणी चढत होते, हेही कळते. घराण्याच्या इतिहासात हा तपशील किरकोळ वाटेल. पण एकाच गावातले एक घर सावकार का झाले आणि दुसरे साखर कारखान्यात पाळी करू लागले, याचे उत्तर पुष्कळदा मातीच्या खोलीत असते.

या मोजणीतून टिपण, गावनकाशा आणि आकारबंद, म्हणजे नंबरवार क्षेत्र आणि आकार यांची यादी, असे कागद तयार झाले. टिपणात एकेका नंबराच्या मापांची आकृती असते. गावनकाशा बहुधा मैलाला आठ इंच या मापावर काढलेला, म्हणजे टोपोशीटच्या आठपट मोठा. त्यात गावठाण, नंबरांच्या हद्दी, गायरान, पाणंदी, ओढे आणि गावाची शीव दिसते. पण शिवेबाहेर काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते, आणि उंचसखल तर तो जवळपास दाखवतच नाही. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ मध्ये इंदापूरची फेरआकारणी झाली आणि दर चांगलेच वाढले. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचे एक कारण म्हणून शेजारच्या तालुक्यांतल्या अशाच वाढीकडे बोट दाखवले गेले.

टोपोशीटचा जन्म वेगळ्या घरात झाला. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्याकडे कोन मोजत त्रिकोणांची जाळी उत्तरेकडे सरकत गेली. त्या कामावर असतानाच लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला; त्याचे थडगे आजही तिथे आहे. वर्धा जिल्ह्याबाहेर ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. त्याच्या मागून जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेले. या जाळ्याच्या आधाराने १८२७ पासून इंचाला चार मैल मापाचा 'अ‍ॅटलास ऑफ इंडिया' निघू लागला, पण त्यात खेड्याचे नाव आणि एक वर्तुळ याहून अधिक काही मिळण्याची आशा धरू नये. कुटुंबाचा माग काढणाऱ्याच्या खऱ्या उपयोगाची मालिका १९०५ नंतरची. तेव्हा सर्वेक्षण विभागाने इंचाला एक मैल या मापावर, रंगीत आणि समोच्च रेषा असलेले नकाशे नव्याने काढायला घेतले. दशमान पद्धत आल्यावर हे माप १:५०,००० झाले.

या नकाशांचे क्रमांक एकदा समजले की शोध सोपा होतो. चार अंश लांब-रुंद अशा चौकोनाला आकडा असतो. पश्चिम आणि मध्य महाराष्ट्राचा मोठा भाग ४७ क्रमांकात येतो. त्याचे सोळा भाग, त्यांना ए ते पी ही अक्षरे. प्रत्येकाचे पुन्हा सोळा भाग, त्यांना १ ते १६ हे आकडे. अक्षरे आणि आकडे दोन्ही वरून खाली उतरतात, मग शेजारच्या उभ्या ओळीत वर जाऊन पुन्हा उतरतात. डावीकडून उजवीकडे वाचणारा इथे हमखास चुकतो. पुणे शहर ४७ एफमध्ये आहे. इंदापूर तालुक्यावरून ७५ अंशाचे रेखावृत्त जाते, त्यामुळे भिगवणचा भाग ४७ जेमध्ये आणि खुद्द इंदापूर ४७ एनमध्ये पडते. एका घराण्याची दोन गावे दहा-पंधरा मैलांवर असूनही वेगवेगळ्या शीटवर निघतात, ती अशी.

शीट हाती आली की आधी समास वाचावा. मोजणीचे वर्ष आणि छपाईचे वर्ष वेगवेगळे असते, आणि मध्ये वीस-पंचवीस वर्षेही जातात. १९४५ साली छापलेल्या नकाशावर १९२५ सालचे गाव असू शकते. वाचकाने मोजणीच्या वर्षालाच चिकटून राहावे. १९०५ पूर्वीच्या नकाशांवर आणखी एक सापळा आहे. त्यांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मूल्यावर बेतलेले होते आणि ते मूल्य सुमारे २ मिनिटे २७ सेकंदांनी चुकलेले निघाले. दख्खनच्या अक्षांशावर हा फरक चार किलोमीटरांच्या वर जातो. नंतरच्या शीटांत तो काढून टाकला असला, तरी मोबाइलवरच्या नकाशाशी जुळवताना शंभरेक मीटरचे अंतर पडू शकते, कारण पृथ्वीच्या आकाराचे गणित दोन्हीकडे वेगळे धरलेले आहे. त्यामुळे संगणकावर जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवताना नुसत्या अक्षांश-रेखांशांवर विसंबू नये; न हललेले देऊळ, जुना पूल, नद्यांचा संगम अशा खुणा धरून तो बसवावा.

रंगांची भाषा साधी आहे. पाणी निळे, वस्ती आणि रस्ते तांबडे, रान हिरवे, लागवड पिवळी, समोच्च रेषा तपकिरी. एक इंची मालिकेत दोन समोच्च रेषांमधले अंतर बहुधा ५० फूट असते. इंदापुरासारख्या सपाट मुलखात त्यामुळे कागद जवळजवळ मोकळा दिसतो आणि जे थोडे आहे ते उठून दिसते. खुणांच्या सूचीत मात्र बारकावा आहे. बांधलेली विहीर आणि कच्ची विहीर यांची चिन्हे वेगळी. बारमाही तळे आणि कोरडे तळे वेगळे. गाडीवाट, लमाणांच्या बैलांची वाट आणि पायवाट वेगवेगळ्या. देऊळ, मशीद, ईदगाह, छत्री, थडगे या प्रत्येकाला चिन्ह आहे. गाव वसते की ओसाड, हेही सांगितलेले असते. कोरडवाहू तालुक्यात बांधलेल्या विहिरींचे चिन्ह जिथे दाटते, तिथे बागायत आणि पैसा होता असे मानायला हरकत नाही.

नावांच्या बाबतीत सावध राहावे लागते. इंग्रजी अक्षरांत लिहिताना 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न', आणि 'ट'-'त'मध्ये फरक उरत नाही. खुर्द आणि बुद्रुक ही शेपटे दोन-दोन अक्षरांत आखडलेली असतात. ती नजरेतून सुटली की शोधणारा ओढ्याच्या पलीकडच्या गावात पणजोबा शोधत बसतो. तालुक्यांचीही तीच गत. जुन्या कागदांवर 'तालुके भीमथडी' असे आढळते; आजच्या बारामती आणि दौंड तालुक्यांचा बराच भाग त्यात होता, आणि आज त्या नावाचा तालुका नकाशावर नाही.

एकाच मुलखाच्या दोन काळांतल्या शीटा एकमेकींवर ठेवल्या की बदल दिसू लागतो. इंदापूरच्या उत्तरेकडून जाणारा लोहमार्ग १८६० च्या सुमारास सोलापूरला पोचला. दक्षिणेकडे भाटघरच्या पाण्यावर चालणारा नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात आला, आणि त्याखाली ऊस उभा राहिला. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना काढला. त्याआधीच्या शीटवर वालचंदनगर हे नाव शोधू नये, ते सापडणार नाही. कालव्यामुळे तालुक्याचे दोन तुकडे पडले. दक्षिणेत बागायत आणि बाहेरून आलेली मजूर कुटुंबे, उत्तरेत भीमेच्या मळईवर कसणारी जुनी घराणी. आजोबा कुठून आले हे सांगता येते पण का आले हे सांगता येत नाही, अशी जी घरे आहेत, त्यांच्यापैकी अनेकांचे उत्तर कालव्याच्या निळ्या रेषेजवळ आहे.

उत्तरेकडची ती जुनी गावे आज पाण्यात आहेत. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि फुगवट्याखाली इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतली गावे गेली. पळसदेव हे त्यातले सर्वांत परिचित. तिथल्या जुन्या देवळाचे शिखर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते आणि दुष्काळी वर्षी अख्खे देऊळ उघडे पडते. नवे पळसदेव पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला वसले. नाव तेच, ग्रामदैवत तेच, जागा वेगळी. आजच्या नकाशात गावाचे नाव शोधून तिथे बोट ठेवणारा माणूस घराण्याच्या मूळ जागेपासून दूर असतो, आणि त्याला ते कळतही नाही. धरणापूर्वीच्या शीटवर मात्र नदीच्या वळणावरचे गावठाण, देवळाचे चिन्ह, नदीकडे उतरणाऱ्या वाटा आणि मळईतल्या विहिरी जागच्या जागी असतात. ती शीट उपग्रहचित्रावर बसवून पारदर्शक केली, की निळ्या पाण्यात गावाची जागा पावलापर्यंत नसली तरी गल्लीपर्यंत कळते.

डिकसळजवळचा भीमेवरचा पूल हे दुसरे उदाहरण. तो मुळात रेल्वेचा. धरणामुळे लोहमार्ग हलवला गेला आणि जुना पूल इंदापूर-करमाळा वाहतुकीसाठी रस्त्याच्या कामी आला. जुनी शीट न पाहता त्या पुलाची रुंदी आणि बांधणी कोणालाही चमत्कारिकच वाटेल.

सोयरिकींचा नकाशाही या पाण्याने बदलला. धरणापूर्वीची भीमा वर्षातले आठ महिने उतरून ओलांडता येई. जुन्या शीटवर दोन्ही काठांच्या वाटा नदीपाशी येऊन समोरासमोर थांबतात, त्या उताराच्या जागा. पुणे जिल्ह्यातले गाव आणि सोलापूर जिल्ह्यातले गाव यांच्यात मैलभराचे अंतर असे, आणि लेकी त्या अंतरात दिल्या जात. आज मध्ये धरणाचा फुगवटा आहे. कळाशी आणि कुगाव या दोन काठांवरच्या गावांत लोक होडीने ये-जा करतात. रस्त्याने जायचे तर लांबचा वळसा पडतो. वंशावळ लिहिताना पणजीचे माहेर 'परजिल्ह्यातले' म्हणून लांबचे समजले जाते, ते जुन्या नकाशावर समोरच्या काठावर निघते.

घराण्याचा शोध प्रत्यक्षात कागदाकडून नकाशाकडे जातो, उलट क्वचितच. जुन्या खरेदीखतात किंवा गहाणखतात जमिनीची चतुःसीमा दिलेली असते: पूर्वेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, पश्चिमेस अमक्याचा नंबर, उत्तरेस अमुक गावची शीव. शेजाऱ्याचे नाव आज निरुपयोगी, कारण त्या नंबराचे चार तुकडे होऊन तो तीनदा विकला गेलेला असतो. ओढा, गाडीवाट आणि शीव मात्र टोपोशीटवर आहेत. शिवेला भिडणारा ओढा आणि ओढ्याला छेदणारी गाडीवाट अशी जागा एका गावात एखाद-दुसरीच असते. तिथून गावनकाशावरचा सर्व्हे नंबर काढता येतो.

पुढची अडचण नंबराचीच. १९४७ च्या कायद्याने तुकडेबंदी आणि एकत्रीकरण आले आणि ज्या गावांत योजना लागू झाली तिथे सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. आजचा सातबारा गट नंबरावर चालतो, जुने खत सर्व्हे नंबरावर. दोहोंमधला सांधा एकत्रीकरणाच्या कागदांत आणि त्या काळच्या फेरफारांत मिळतो. फेरफाराची नोंद म्हणजे गाव नमुना सहा. वारस, वाटणी, खरेदी, कुळाची नोंद असे सगळे त्यात तारखेसह असते. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, या दोन टप्प्यांपाशी अनेक घराण्यांची जमीन गेली किंवा मिळाली. पाटील, कुलकर्णी आणि महार वतनांचे कागद त्याहून जुने आणि बहुधा मोडीत असतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावे गावासह सापडतात, पण ते गाव त्या काळच्या तालुक्याखाली लिहिलेले असते, म्हणून पुन्हा जुना नकाशा काढावा लागतो.

या नकाशांना सगळे दिसत होते, असे समजू नये. गावनकाशा धाऱ्यासाठी काढला गेला आणि टोपोशीट मुख्यतः लष्कर व कारभार यांच्यासाठी. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला पहिल्यात जागा नव्हती. दुसऱ्यात गावाबाहेरच्या वस्तीचा एक वेगळा ठिपका येतो, बहुधा नावाविना. मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांचा वाडा मोजणीच्या हंगामात तिथे असेल तर तात्पुरत्या झोपडीच्या चिन्हाने उमटतो, नसेल तर नाही. मातंग, रामोशी किंवा बलुतेदार घराण्याचा शोध त्यामुळे नकाशापेक्षा वतनाच्या नोंदी, शाळेचे दाखले आणि जन्ममृत्यूच्या गाव-नोंदवह्या यांच्या बळावर चालतो. बायकांची माहेरची नावे तर यांपैकी जवळपास कशातच नसतात.

सर्वेक्षण विभागाच्या शीटा पूर्वी सहज मिळत नसत. समुद्रकिनारा आणि सीमेलगतच्या भागांवर तर कडक निर्बंध होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी वेगळी मालिका आली, २०१७ पासून ती संकेतस्थळावरून उतरवून घेता येऊ लागली आणि २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले. पण ही नवी मालिका आहे. धरणापूर्वीचे गाव तीत नाही. जुन्या शीटा विद्यापीठांच्या भूगोल विभागांत, पुराभिलेखागारांत आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अमेरिकी सैन्याच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात छापलेली भारताची १:२,५०,००० मालिका टेक्सास विद्यापीठाने सर्वांना खुली ठेवली आहे. तिचे माप लहान आहे, पण उजनीआधीची भीमा आणि तिच्या काठची गावे ओळखायला ती पुरते. गावनकाशा, टिपण आणि आकारबंद यांच्या नकला तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मिळतात. फेरफार आणि जुने सातबारे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, आणि अनेक जिल्ह्यांत ते आता ऑनलाइनही पाहता येतात. अर्ज करताना आजच्या गट नंबराबरोबर जुना सर्व्हे नंबर आणि गावाचे त्या काळचे तालुक्यासह नाव लिहावे. नुसत्या गट नंबरावर नक्कल मागितली, तर एकत्रीकरणापूर्वीचा कागद बहुधा मिळत नाही.